कडीचा तांब्या

सातवीच्या विज्ञानाच्या पेपरात प्रश्न होता : पिण्याच्या पाण्यातील जिवाणू नष्ट करण्यासाठी काय कराल? मी लिहिलं, "जिवाणी नष्ट करू नये. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत ती अलगद परत सोडावी. वरून ओतू नये, त्यांना लागतं." उत्तर जरा तोकडं वाटलं म्हणून खाली तांब्याची आकृती काढली आणि बाण करून नावंही दिली. दोरी, कडी, पाणी, जीव.

सरांनी पेपर वाटताना ते उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसला. सर वाईट नव्हते, त्यांना खरोखरच गंमत वाटली होती. पण त्या दिवशी घरी येताना मला माझ्या आईची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा वाटली. ती लाज पुढं कितीतरी वर्षं मी 'शास्त्रीय दृष्टिकोन' या नावानं सांभाळली.

आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णेपासून थोडं आत. आम्ही शेती करणारे जैन. घराच्या मागं विहीर आहे. उसाला आणि द्राक्षाला मोटार चालते, पण पिण्याचं पाणी आई आजही कप्पीवरून हातानं ओढते, कारण मोटारीच्या पंख्यात जीव सापडतात. मग जाड पांढरं कापड दुहेरी करून ती घागरीच्या तोंडावर बसवते आणि पाणी गाळून घेते. इथपर्यंत पुष्कळ घरांत करतात. आईचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. ते कापड उलटं करून, त्यावर गाळलेलंच थोडं पाणी सोडून, कापडाला चिकटलेलं सगळं ती एका लहान तांब्यात उतरवून घेते. ही जिवाणी. पाण्यातले जीव, जे आपले नव्हेत आणि ज्यांना घरी पोचवायचं असतं.

त्या तांब्याच्या बुडाला एक कडी आहे. एक दोरी गळ्याला, दुसरी कडीला. गळ्याच्या दोरीनं तांब्या पाण्याला टेकेपर्यंत विहिरीत सोडायचा, मग ती ढिली करून कडीची दोरी ओढायची, की तांब्या पाण्यातच उपडा होतो. बुडाला कडी असल्यामुळे तो जमिनीवर सरळ बसत नाही, म्हणून आई त्याला जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर ठेवते. ही चुंबळ लक्षात असू द्या, माझी सगळी हुशारी तिथंच उघडी पडली.

मी पुढं प्राणिशास्त्र शिकले आणि कराडला एका कॉलेजात शिकवायला लागले. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना मी प्रोटिस्टा शिकवते. अमिबा, पॅरामेशियम, युग्लिना, डायटम. एकेका पेशीचे जीव, पण प्रत्येकाचा संसार वेगळा. कोणी पाय काढून सरपटतं, कोणी अंगभर केसांनी वल्हवतं, कोणी काचेच्या डबीत राहतं. युग्लिना तर उजेडात झाडासारखी आपलं अन्न आपण करते आणि अंधारात ठेवली तर दुसऱ्याचं उचलते. ही सगळी मंडळी एका वर्गात कशी आली, असं कोणी विचारलं की मी खरं तेच सांगते : ती झाडं नव्हेत, प्राणी नव्हेत, बुरशी नव्हेत, म्हणून एकत्र आली. आपल्या घरात एक डबा असतो ना, ज्यात बटण, चावी, खिळा, सुतळी असं सगळं असतं, तसा हा वर्गीकरणातला डबा. पोरं हसतात. नंतर तोच प्रश्न परीक्षेत आला की डबा सोडून बाकी सगळं लिहितात.

आईला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिच्याशी माझं बोलणं वेगळंच चाले. "कापडातनं बारीक जीव आरपार जातात गं आई. तू उगंच कष्ट करतेस." ती म्हणायची, "जाईनात का. थांबत्यात तेवढं तरी थांबू देत की." यावर मला काही बोलता येत नसे, आणि मला काही बोलता आलं नाही की माझं डोकं फिरतं.

कॉलेजं बंद होती त्या वर्षी मला संधी मिळाली. पोरांना घरबसल्या प्रात्यक्षिकं दाखवायची होती, म्हणून परवानगी काढून मी एक मायक्रोस्कोप गावी आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल मांडलं. मोबाइल एका डब्याला टेकवून चालू केला आणि मास्तरणीच्या आवाजात सांगायला लागले, "आज आपण गाळलेल्या पाण्याचा एक थेंब पाहणार आहोत." मागं आई भाकरी थापत होती. ते वाक्य मी पोरांसाठी म्हटलं नव्हतं, तिच्यासाठी म्हटलं होतं. आज कबूल करते.

ड्रॉपरनं थेंब घेतला, काचपट्टीवर सोडला, वर पातळ काच ठेवली. डोळा लावला तर काय, बाजार भरलेला! पॅरामेशियमच सात-आठ, चपलेच्या तळव्यासारखे, गरागरा फिरत चाललेले. कडेला दोन हिरव्या युग्लिना. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "आई, हिकडं ये. तुझं गाळलेलं पाणी बघ."

आईनं पीठ लागलेले हात पाठीमागं बांधले आणि वाकली. खूप वेळ बघत राहिली. मी बाजूला उभी, जिंकलेली.

"हे काय गं पळतंय?"

"जीव. तुझ्या कापडातनं खाली उतरलेले."

ती पुन्हा वाकली. "हे एक धडाकलं. मागं सरलं. आता वळून चाललं." मग सरळ उभी राहून तिनं विचारलं, "आता ह्यांचं काय करणार?"

"काय करणार म्हणजे? झालं काम." मी काचपट्टी काढली आणि कापसानं पुसून टाकली. रोजची सवय. पुसून झाल्यावर मी आईकडं पाहिलं आणि आपण काहीतरी वाईट केलंय एवढं मला कळलं, पण नेमकं काय ते कळलं नाही. ती चुलीकडं गेली. त्या दिवशी माझ्या पानात भाकरी आली, शेंगदाण्याची चटणी आली, पण ती माझ्यासमोर बसली नाही.

मग कॉलेज सुरू झालं आणि मी कराडला परत गेले. काही आठवड्यांनी वडिलांचा फोन आला. वडील फोनवर कधी फालतू बोलत नाहीत. म्हणाले, "तुझी आई पाणी पियाची बंद झाल्यासारखी झालीय. सकाळी एक वाटी, जेवताना एक वाटी. इचारलं तर म्हंती तहान न्हाई. तू तिला काय दावलंस?"

मी घाबरले. आईला आधी दोनदा मुतखड्याचा त्रास झालेला. भरपूर पाणी प्यायचं, हेच तिचं औषध होतं, सांगलीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. मी फोन केला, रागावले, समजावलं. ती "व्हय, व्हय" म्हणाली. पंधरा दिवसांत कळ उठली आणि वडिलांनी तिला सांगलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला म्हणाले, "ह्या वयात मूत्रपिंड असं वाळवून चालणार नाही. पाणी प्याल्या नाहीत तर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही." मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि रडले. मला हरवायचं होतं ते आईच्या कापडाला, आईला नव्हे.

आत आले तर ती सलाइनच्या बाटलीकडं टक लावून बघत होती. "ह्यात कोण न्हाई न्हवं?"

"कोण नाही. निव्वळ पाणी आणि मीठ."

"मग चालंल," ती म्हणाली. मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदमच.

"आई, पाणी का पीत नाहीस? खरं सांग."

ती सावकाश बोलली. "मी रोज सांजच्याला क्षमा मागती. जाणतेपणी, अजाणतेपणी माझ्या हातनं जे जीव दुखावलं असतील, त्यांची. न दिसणाऱ्यांची माफी मागता येती गं. त्या दिवशी मला ते दिसलं. डोळ्यांनी बघितलं, वळून चाललेलं. आता पाणी तोंडाला लावलं की ते दिसतंय. दिसलेल्याची काय माफी मागू?"

"मग उकळून पी."

"उकळून? जित्तंच?"

मग मला वाटलं, हिला हिच्याच हिशेबानं पटवावं. लहानपणी बस्तीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरात, पाठशाळेत आम्हीही ते पाठ केलं होतं. एक इंद्रिय असलेले जीव म्हणजे माती, पाणी, झाडं. ते जागचे हलत नाहीत, आणि संसारी माणसाला त्यांच्याशिवाय जगताच येत नाही, म्हणून तिथं थोडी सवलत. दोन इंद्रियांपासून पुढचे हलणारे : अळी, मग मुंगी, मग माशी, मग गाय आणि माणूस. त्यांना मारायचं नाही. म्हणजे पॅरामेशियमला पहिल्या ओळीत बसवता आलं, की आई पाणी पिणार. आयुष्यात पहिल्यांदाच वर्गीकरण इतकं महत्त्वाचं झालं होतं.

"आई, ते प्राणी नाहीत," मी म्हणाले. "पूर्वी आम्ही त्यांना प्राण्यात धरायचो. आता नाही धरत."

"मग झाड हाय?"

"झाड नाही."

"बुरशी?"

"बुरशीपण नाही."

"मग काय हाय?"

"उरलेलं," मी म्हणाले. "जे कशातच बसत नाही त्याचा वेगळा गट केला होता. पण आता तोही मोडलाय. आता म्हणतात त्यातले काही झाडांच्या जवळचे, काही आपल्या जवळचे. आपल्या द्राक्षाच्या पानांवर ती पांढरी डाऊनी येते ना? इतकी वर्षं तिला बुरशी म्हणायचे. ती निघाली समुद्रातल्या शेवाळाच्या भावकीतली."

"उरलेलं म्हंजे काय उत्तर झालं?" आई उठून बसायला लागली. "उरलेल्या भाकरीलाबी भाकरीच म्हंत्यात. आन् तुमचं पुस्तक सारखं बदलत असंल, तर मी कुठल्या पुस्तकावर पाणी पिऊ?" मग तिनं सलाइन नसलेला हात पुढं केला आणि बोटांवर मोजायला लागली. "धडाकलं आन् मागं सरलं, म्हंजे स्पर्श कळतो. खातंय न्हवं?"

"खातं."

"तोंड हाय?"

"तोंडासारखी एक खाच असते."

"काय बी खातंय, का निवडून खातंय?"

मला खोटं बोलायचं होतं. पण इतकी वर्षं शिकवलेलं ऐनवेळी गिळता येईना. "थोडंफार निवडतं," मी म्हणाले.

"मग चव हाय. दोन झाली." तिनं दोन बोटं माझ्यासमोर धरली. मला इतक्या वर्षांत कोणा विद्यार्थ्यानं इतकं सरळ पकडलेलं नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर तिनं वाटीचा पेला केला, तोही माझं तोंड बघून. दर रविवारी मी गावी जायची, पाण्याचं पातेलं भरून तिच्यासमोर बसायची, आणि ती दोन घोट पिऊन तोंड पुसायची. तिचे ओठ सुकलेले दिसायचे. वडील माझ्याशी बोलायचे, पण माझ्याकडं बघायचे नाहीत.

आणि मग एका दुपारी कराडला, वर्गात, मी एका पोरीला झापत होते. संगमावरून आणलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या तिनं चिठ्ठी न लावताच ठेवल्या होत्या. "कुठलं पाणी कुठलं ते माहीत नसेल तर भिंगातून काय कपाळ बघणार आहेस?" मी म्हणाले. पोरगी धीट होती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या व्हिडिओतपण चिठ्ठी नव्हती."

वर्ग हसला. मीही हसले, पण वरवर. सुटी झाल्यावर प्रयोगशाळेत एकटीनं तो व्हिडिओ लावला. माझा आवाज आला, "गाळलेल्या पाण्याचा एक थेंब." माझा हात आला, हातात ड्रॉपर. हात खिडकीखाली गेला आणि एका लहान तांब्यात बुडाला. तांब्या चुंबळीवर होता.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. तिथं दोन भांडी होती. पाटावर गाळलेल्या पाण्याची घागर, आणि तिच्याशेजारी चुंबळीवर कडीचा तांब्या, विहिरीत सोडायचा राहिलेला. मी जिवाणीतून थेंब घेतला होता. म्हणजे त्या दिवशी आईला मी दाखवले ते कापडातून खाली निसटलेले जीव नव्हतेच. ते कापडानं अडवलेले, आईनं धुऊन वाचवलेले, घरी जायला निघालेले जीव होते. तिचं आयुष्यभराचं काम यशस्वी झाल्याचा पुरावा मी तिला दाखवला, तो अपयश म्हणून दाखवला, आणि वर कापसानं पुसून टाकला.

सातवीतल्या मुलीनं तो तांब्या नाव देऊन, बाण काढून दाखवला होता. मला तो ओळखता आला नाही.

मी त्याच दिवशी मायक्रोस्कोप पिशवीत घालून एसटीत बसले. घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. आईसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. व्हिडिओही दाखवला. तिनं चुंबळ ओळखली. मला वाटलं ती चिडेल, निदान रडेल तरी. ती म्हणाली, "माझंबी चुकलंच. तांब्या येळंवर सोडाया पायजे हुता."

"आई, तुझं काही चुकलं नाही. माझी चूक आहे. तुला चुकीचं ठरवायची मला घाई झाली होती. लहानपणापासून झाली होती."

"ठावं हाय की," ती म्हणाली. एवढंच.

मग तिनं माझ्यासमोर पाणी ओढलं, गाळलं, जिवाणी उतरवली. मी दोन चिठ्ठ्या लिहून दोन भांड्यांना चिकटवल्या. घागरीतला थेंब काचपट्टीवर घेतला. लहान भिंग लावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत गेले. काही नाही. एक धागा होता कापडाचा, आणि धुळीचे दोन कण.

तिथंच थांबायला हवं होतं. पण शिकवणाऱ्या माणसाची सवय वाईट. मोठं भिंग फिरवलं आणि फोकस केला. होते. अगदी बारीक, टिंबाएवढे, शेपटीच्या झटक्यानं थरथरत जाणारे. कापडाच्या विणीतून सहज जाणारे. तीन मोजले, मग मोजायचे थांबले.

"दिसतंय का काय?" आई मागून म्हणाली.

मी भिंग परत फिरवलं, लहान लावलं आणि बाजूला झाले. "तूच बघ."

आई वाकली. तेवढाच वेळ बघितलं, जेवढा पहिल्यांदा बघितलं होतं. "नुसता उजेड हाय," ती म्हणाली.

तिनं घागरीतून पिण्याचा तांब्या भरला, पण तोंडाला लावला नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली.

"मदी दोनदा खटक झालं. भिंग फिरवलंस न्हवं? मोठ्यातनं बघितलंस."

"हो."

"काय दिसलं?"

सांगितलं तर ती पुन्हा दोन घोटांवर येणार होती. आणि खोटं बोलले असते तर तिनं ते भाकरीचं पीठ ओळखावं तसं बोटानं ओळखलं असतं.

"असू दे, सांगू नको," ती म्हणाली. "मला न्हाई दिसलं. माझ्या हातनं हुतं तेवढं मी केलं. तुला दिसलंय, तर ह्यांची माफी तू माग."

आणि तिनं तांब्या वर धरून पाणी प्यायला सुरुवात केली. गटागटा, न थांबता, गळ्याची शीर हलत होती. शेवटचा घोट घेऊन तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आन् ती काच पुसू नको. जिवाणीत धू आन् सोडून ये."

मी काचपट्टी कडीच्या तांब्यात विसळली आणि विहिरीवर गेले. शाळेनंतर पहिल्यांदाच. गळ्याची दोरी सोडत सोडत तांब्या पाण्याला टेकवला, ती ढिली केली आणि कडीची दोरी ओढली. तांब्या आवाज न करता उपडा झाला. मी हात जोडले. माझा कशावर फारसा विश्वास नाही, पण आईनं सांगितलं होतं, आणि ती पाणी प्याली होती. माफी मागायची तर नाव घेऊन मागावी, असं वाटलं. मी वर्षानुवर्षं शिकवलेली सगळी नावं आठवली. त्यातलं एकही नाव त्यांचंच आहे अशी मला खात्री देता येईना.

शेवटी मी विहिरीत वाकून एवढंच म्हणाले, "जे कोण असाल ते, क्षमा करा."